त्या गवताचं टनेज किती?



दोन वर्षांपूर्वीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत अहवाल वाचून झाला, ताळेबंद मंजूर झाला आणि आयत्या वेळचे विषय निघाले, तेव्हा मंडपाच्या मागच्या बाजूने एक वयस्क सभासद उठून उभे राहिले. फेटा सावरीत म्हणाले, "चेअरमनसाहेब, मे महिन्यात पाळी आठ दिवस लांबली. माझ्या खोडव्यानं माना टाकल्या. अन् त्याच वख्ताला गेस्टहाऊसम्होरलं गवत मातुर हिरवंगार. रोज पानी, आठवड्याला कापनी. मला फकस्त येवढंच सांगा, त्या गवताचं टनेज किती पडतंय?"

मंडपात हशा पिकला. चेअरमनसाहेब मात्र हसले नाहीत. "प्रश्न रास्त आहे, उत्तर द्यावं लागेल," एवढेच ते म्हणाले. आणि सभा संपल्यावर उत्तर शोधण्याचे काम ह्या पत्रिकेच्या संपादक मंडळावर आणि शेतकी खात्यातल्या दोघांवर येऊन पडले. त्या दोन वर्षांत आम्ही काय पाहिले, काय केले, कुठे चुकलो, ते आज सभासदांपुढे ठेवीत आहोत. हा विषय कारखान्याच्या आवारापुरता राहिलेला नाही, म्हणूनही लिहितो आहोत. आपल्या कार्यक्षेत्रात वस्तीवस्तीवर आता बंगले झाले आहेत. बंगल्यापुढे अर्धा एकर, एकरभर लॉन करायची हौस आली आहे. मंगल कार्यालयांची तर गोष्टच वेगळी. हौसेला मोल नाही म्हणतात. पण पाण्याला आहे, डिझेलला आहे आणि माणसाच्या कष्टालाही आहे.

आधी हिशेब

आवारातली हिरवळ टेप लावून मोजली, ती भरली सहा एकर. अतिथीगृह, कचेरी, शाळा, देऊळ आणि रस्त्याच्या दोन्ही कडा सगळे धरून. राखायला तीन माळी आणि वीस इंची पात्याचे एक यंत्र. आता वीस इंची यंत्राने एकरभर गवत कापायचे म्हणजे त्या यंत्रामागे सरळ आठ किलोमीटर चालावे लागते. ज्याला खोटे वाटेल त्याने एकराचे चौरस मीटर घेऊन पात्याच्या रुंदीने भागून पाहावे. सहा एकरांचे झाले अठ्ठेचाळीस किलोमीटर. पावसाळ्यात पाच वेळा कापणी झाली की आळंदीहून पंढरपूरला पोचण्याएवढी चाल होते. फरक एवढाच, की वारीला गेलेल्याला पांडुरंग भेटतो. आमच्या माळीदादांना पुन्हा पहिलाच कोपरा भेटत होता, तोवर बोटभर वाढलेला.

पाण्याचा हिशेब याहून जड आहे. एका एकरावर एक इंच पाणी उभे केले तर ते एक लाख लिटरच्या थोडे वर जाते. म्हणजे दहा हजार लिटरचे दहा टँकर. उन्हाळ्यात गवत हिरवे दिसायचे तर आठवड्याला निदान इंचभर पाणी लागतेच. एप्रिल-मेचे आठ आठवडे आणि सहा एकर धरा. पन्नास लाख लिटरच्या आसपास गणित येते. पाटाने उसाला एका पाळीला साधारण तीन इंच पाणी बसते असे मानले, तर एवढ्या पाण्यात सोळा एकर उसाची एक पाळी निघाली असती.

तेव्हा त्या बाबांच्या प्रश्नाचे उत्तर त्या वर्षापुरते असे होते: टनेज शून्य, खर्च, सोळा एकर खोडव्याची एक पाळी. हे उत्तर कागदावर लिहिताना आमचा हात जड झाला, हे कबूल केले पाहिजे.

ही चाल आली कुठून?

सपाट कापलेली हिरवळ ही आपल्या मातीतली गोष्ट नाही. ती इंग्लंडातली. तिथे बाराही महिने थोडाथोडा पाऊस, ऊन कोवळे, हवा थंड. बड्या जमीनदारांच्या वाड्यांभोवती कुरणे असत आणि ती मेंढ्या चारून वा विळे चालवून आखूड राखीत. पुढे १८३० साली ग्लॉस्टरशायरमधल्या स्ट्राउड गावच्या एडविन बडिंग नावाच्या कारागिराने कापणीच्या यंत्राचे पेटंट घेतले. लोकरी कापडावरची लव साफ करणारे गिरणीतले यंत्र पाहून त्याला ही कल्पना सुचली. त्यानंतर हिरवळ मध्यम वर्गाच्याही दारात आली. साहेबाबरोबर ती आपल्याकडच्या कॅम्पात आणि डाक बंगल्यांत आली, आणि तिथून अतिथीगृहांत. साहेब गेला, हिरवळ राहिली. पण इंग्लंडातला पाऊस काही तिच्याबरोबर आला नाही. ती उणीव आपण कालव्याच्या आणि विहिरीच्या पाण्याने भरून काढीत बसलो.

गंमत अशी, की खुद्द इंग्लंडात आता उलट वारे वाहते आहे. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमागे १७७२ साली केलेली हिरवळ आहे. तिचा काही भाग २०१९ साली मोडून तिथे रानफुलांचे कुरण पेरले. हंगामाअखेर घोड्यांच्या साहाय्याने त्याचे वाळके गवत काढतात. तिथल्या अभ्यासकांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, कापलेल्या हिरवळीपेक्षा कुरणात वनस्पती, कोळी आणि किडे यांच्या तिपटीहून अधिक जाती आढळल्या. ज्यांच्याकडून आपण ही चाल उचलली, तेच ती सोडू लागले. आपण मात्र मे महिन्यात पाइप धरून उभे.

पाय कुठे पडतो ते पाहा

आम्ही एक सोपे काम केले. माळीदादांबरोबर आठ दिवस सकाळ-संध्याकाळ आवारात बसून माणसे कुठून चालतात, मुले कुठे खेळतात, पाहुणे कुठे बसतात ते पाहिले. सहा एकरांपैकी दोन एकरांवरच माणसांचा वावर होता. शाळेचे मैदान, अतिथीगृहापुढचा चौक, देवळापुढची जागा आणि पायवाटा. उरलेल्या चार एकरांवर पाऊल पडत होते ते फक्त कापणाऱ्याचे.

त्यावरून नेम ठरवला: जिथे पाय पडतो तिथे कापायचे, जिथे नुसती नजर पडते तिथे वाढू द्यायचे.

हे ऐकून आनंद होईल असे वाटले होते, पण माळीदादांचा चेहरा उतरला. थोड्या वेळाने म्हणाले, "साहेब, मशीन थांबलं की आमची हजेरी थांबनार का?" हा प्रश्न आमच्या हिशेबात आलाच नव्हता. व्यवस्थापनाशी बोलणे झाले आणि तिघांचेही काम कायम राहिले. आठवड्याचे दोन दिवस कापणी. बाकीचे दिवस तण काढणे, झाडांची निगा आणि ऊस रोपवाटिकेचे काम. कमी कापणीचा विचार करताना कापणाऱ्याचा विचार आधी करावा, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

पहिल्या वर्षाची फजिती

पहिल्या जूनमध्ये आम्ही चार एकर नुसते सोडून दिले. आमची समजूत अशी, की न कापले म्हणजे कुरण झाले. ऑगस्ट उजाडेतो तिथे टाकळा, कुर्डू आणि गाजरगवत कमरेएवढे झाले. येणारे-जाणारे विचारू लागले, "काय हो, कारखाना बंद पडला की काय?" त्यात शाळेच्या वाटेलगत एक घोणस निघाली. कोणाला काही झाले नाही, पण पालक मंडळी कचेरीवर आली आणि बोलली, आणि त्यांचे बोलणे खरे होते.

दोष गवताचा नव्हता, आमचा होता. कुरण राखावे लागते. दुसऱ्या वर्षी तीन गोष्टी बदलल्या.

पहिली, कडा. प्रत्येक वाटेच्या दोन्ही अंगांना सहा फूट आणि शाळेच्या व घरांच्या बाजूला तीस फूट पट्टा सतत आखूड कापायचा. ह्याने दोन कामे झाली. पट्ट्यावर साप असेल तर दिसतो. आणि कडा नीट कापलेली असली, की मधले उंच गवत मुद्दाम राखले आहे हे पाहणाऱ्याला आपोआप कळते. दुसऱ्या वर्षी एकानेही कारखाना बंद पडल्याचे विचारले नाही.

दुसरी, अडगळ. साप गवतासाठी येत नाही, उंदरासाठी येतो. भिंतीलगतचे विटांचे, लाकडांचे ढीग हलवले, खरकटे टाकायची जागा बदलली.

तिसरी, तण. गाजरगवत फुलावर येण्याआधी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटले. फुलावर आले की वेळ गेली. एकेक झाड हजारांनी बी टाकते. अंगाला खाज सुटते, दम्याच्या माणसाला त्रास होतो आणि चाऱ्यात मिसळून जनावराच्या पोटात गेले तर दुधाला कडवटपणा येतो. ह्या तणावर जगणारे मेक्सिकन भुंगे आपल्या देशात १९८४ साली सोडले गेले. पावसाळ्यात ते पाने खाताना दिसले तर त्यांच्यावर औषध मारू नये. पण सगळा भार भुंग्यांवरही टाकू नये.

मोकळ्या झालेल्या जागी पावसाच्या सुरुवातीला मारवेलचे ठोंब दीड-दीड फुटावर लावले. मारवेल हे आपलेच गवत, बहुवर्षायू, जनावराला गोड लागते आणि एकदा बसले की तणाला जागा देत नाही. मूळची पवन्याची बेटे होती ती तशीच राखली. कुंदा मात्र दिसेल तिथे खणून काढला. काळ्या रानात कुंदा बसला तर पुढची पिढीही त्याला काढीतच बसते.

विळा घेऊन आलेल्या बाया

खरी गोष्ट इथून पुढे आहे. पूर्वी शेजारच्या वाडीतली एखादी बाई विळा-दोरी घेऊन कुंपणाशी आली, की पहारेकरी तिला हाकलून देत असे. आणि आत यंत्राने कापलेले गवत पोत्यात भरून खड्ड्यात टाकले जाई. ज्यांच्या नावावर गुंठाही नाही, पण दारात दोन शेळ्या किंवा एक म्हैस आहे, अशी घरे आपल्या प्रत्येक गावात आहेत. बांधावरचे गवत ज्याचा बांध त्याचे. मग त्यांनी जायचे कुठे?

ह्याबाबत आपल्यापुढे हिवरे बाजारचे उदाहरण आहे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातल्या त्या दुष्काळी गावाने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली, पण गवत विळ्याने कापून न्यायची मुभा ठेवली. जनावराने चरून मुळासकट ओरबाडणे निराळे आणि विळ्याने वरून कापून नेणे निराळे. डोंगर हिरवा राहिला आणि दावणीलाही चारा मिळाला.

आम्ही चार एकरांचे दोरी लावून पट्टे पाडले, वाडीतल्या अशा घरांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि ज्याच्या वाट्याला जो पट्टा आला तो त्याने कापून न्यायचा असे ठरवले. अटी दोनच. चार बोटे खुंट राखायचा आणि राहिलेले गाजरगवत दिसले तर उपटून बाजूला टाकायचे. पैसे घ्यायचे नाहीत. पहिली कापणी ऑगस्टअखेर, ओल्या चाऱ्याची. दुसरी पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबरात, निम्मे गवत फुलावर असताना. फूल सरून बी पडले की गवताची काडी होते, सत्त्व राहत नाही. कुसळी गवत असेल तर कुसळे धरण्याआधीच काढावे, नाहीतर ती शेळ्या-मेंढ्यांच्या तोंडात आणि कातडीत घुसतात.

पहिल्या दिवशी एक म्हातारी विळा घेऊन फाटकातच थांबली. आत यायला धजेना. पहारेकरी म्हणाला, "ये की आजी, आज तुझाच नंबर हाय." तेव्हा ती आत आली. दुपारी भारा बांधून झाल्यावर आमच्याजवळ थांबून म्हणाली, "बाबा, धा वर्सं ह्या भिताडापल्याडनं बगत व्हते. वाटायचं, येवढं गवत अन् म्हशीला न्हाई." ह्यावर आम्हाला काही बोलता आले नाही.

आपल्या बंगल्यापुढे काय करावे?

सभासदांना उपयोगी पडेल ते थोडक्यात देतो.

१. आधी आठ दिवस पाहा. घरची माणसे, मुले, पाहुणे जिथे खरोखर वावरतात तेवढीच हिरवळ ठेवा. एकराची दहा गुंठे झाली तर बिघडत नाही. अंगण शोभेपुरते असावे, ते आपल्या उरावर बसू नये.

२. हिरवळीला हरळीच लावा. गणपतीला वाहतो तीच ही दूर्वा. उन्हाळ्यात ती पिवळी पडते, मरत नाही; पहिल्या वळवाला पुन्हा हिरवी होते. तेव्हा एप्रिल-मेमध्ये तिला पाणी पाजायचा हट्ट धरू नका. पण हरळी उसात शिरली तर काढता नाकी नऊ येतात, म्हणून हिरवळ आणि ऊस यांच्यामध्ये फूटभर खोल चर किंवा फरशीची कड ठेवा आणि चराबाहेर आलेले धुमारे वेळीच छाटा.

३. यंत्राचे पाते वर घ्या. बसण्याउठण्याच्या जागेला दोन-अडीच इंच उंची पुरते. एका वेळी गवताच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त कापू नये. फार खाली कापले की मुळे दुबळी होतात, जमीन तापते आणि तणाला वाव मिळतो. आखूड कापलेली कात्रणे तिथेच पडू द्या. ती कुजून खत होते. उंच गवत कापले तर मात्र उचलून न्या, नाहीतर खालचे गवत गुदमरते.

४. युरिया टाकू नका. टाकला की गवत वाढते, वाढले की कापावे लागते. स्वतःच्या पैशाने स्वतःचे काम वाढवण्याचा हा प्रकार आहे.

५. झाडाभोवती यंत्र फिरवू नका. पाते लागून खोडाला जखम होते. बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी ठेवून भोवती पाचटाचा जाड थर द्या. पाचट जाळण्यापेक्षा हा उपयोग किती तरी चांगला. ओल टिकते आणि तण उठत नाही.

६. उरलेली जागा कुरण म्हणून राखा. वर्षात दोन कापण्या, त्याही विळ्याने. घरी जनावर नसेल तर शेजाऱ्याला सांगा, तो आनंदाने नेईल.

७. ऑक्टोबरची कापणी टाळू नका. दिवाळीनंतर उभे राहिलेले वाळके गवत म्हणजे आगीला निमंत्रण. कुरण आणि ऊस यांच्यामध्ये दहा-बारा फुटांचा पट्टा साफ करून जाळरेषा ठेवा. एका काडीने शेजाऱ्याचा तोडणीला आलेला प्लॉट जाऊ शकतो.

८. उंच गवतात काम करताना पायात बूट आणि हातात काठी असावी, रात्री बॅटरीशिवाय फिरू नये. सर्पदंश झालाच तर जखम कापणे, चोखणे, आवळून बांधणे, मांत्रिकाकडे नेणे यांत वेळ घालवू नका. माणसाला चालवू नका, तडक प्रतिसर्पविष असलेल्या दवाखान्यात न्या.

आणखी एक गोष्ट. २००२ साली आपल्या भागात उसावर लोकरी मावा आला, तेव्हा त्याला आवर घालण्यात डिफा आणि मायक्रोमस ह्या मित्रकीटकांचा मोठा वाटा होता. मावा खाणाऱ्या सिरफिड माशीसारख्या मित्रकीटकांना प्रौढपणी फुलांतले पराग आणि मध लागतो. सगळीकडे नुसता ऊस आणि नुसती कापलेली हिरवळ असेल तर त्यांनी जगावे कशावर? बांधावर आणि कुरणात चार रानफुले असली तर ती वाया गेलेली जागा समजू नये.

शेवटी उत्तर

दुसऱ्या वर्षी वाडीतल्या बायांनी कापलेले भारे पोचवायला कारखान्याची ट्रॉली दिली होती. ट्रॉली बाहेर जाताना आमच्यातल्या एकाच्या मनात आले आणि ती काट्यावर घेतली. मग प्रत्येक खेपेला घेतली. दोन कापण्या मिळून चौदा टन भरले. उन्हाळ्यात पाणी दिले ते फक्त अतिथीगृहापुढच्या आणि देवळापुढच्या अर्ध्या एकराला. बाकी सगळे मे महिन्यात वाळून पिवळे झाले होते, आणि जूनमध्ये दोन पाऊस होताच आपले आपण हिरवे झाले.

यंदाच्या सभेत आयत्या वेळच्या विषयांत चेअरमनसाहेबांनी स्वतःच हा विषय काढला. "बाबा आलेत का?" म्हणून विचारले. फेटेवाले बाबा मागे बसले होते, ते उभे राहिले. "टनेज चौदा," चेअरमनसाहेब म्हणाले. बाबांनी क्षणभर विचार केला आणि विचारले, "रिकव्हरी?" पुन्हा मंडप हसला, आणि ह्या वेळी चेअरमनसाहेबही हसले. मग बाबाच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. म्हशीनं काढली आसंल."

ज्या सभासदांनी आपल्या वस्तीवर असा काही प्रयोग केला असेल, त्यांनी आपला अनुभव, बरा असो वा वाईट, शेतकी गट कचेरीत लिहून द्यावा. पुढील अंकात त्याला अवश्य जागा देऊ.